आडनावाखाली शोधू नका : इटलीत पडलेल्या एका मराठा शिपायाचा माग

जानेवारी २०२४ मध्ये सुरुवात केली तेव्हा हाताशी तीनच गोष्टी होत्या : डब्यात गुंडाळून ठेवलेली दोन पदकं, 'इटली' हा शब्द, आणि मालवण तालुक्यातल्या आमच्या गावाचं नाव. माझ्या आजोबांचे थोरले भाऊ दुसऱ्या महायुद्धात मराठा लाइट इन्फन्ट्रीत साधे शिपाई होते. फोटो नाही, पत्र नाही. घरात सांगायला एवढंच उरलेलं की 'लढायेक गेलो तो परत इलोच नाय.' कोणत्या तारखेला गेले ते ठाऊक नसल्यामुळे त्यांचा घास सर्वपित्री अमावास्येला निघायचा.

एप्रिल २०२५ मध्ये उत्तर इटलीतल्या फोर्ली गावी दगडावर त्यांचं नाव सापडलं. मधले पंधरा महिने कसे गेले, कुठे थांबावं लागलं, काय चुकलं आणि काय जुळलं ते इथे लिहून ठेवतो. सातारा, रत्नागिरी, सिंधुदुर्ग, कोल्हापूर, पुणे, नगर या भागांत अशी शेकडो घरं आहेत. त्यातल्या कुणाला शोध घ्यायचा असेल तर पहिले दोन-तीन महिने तरी वाचतील.

सुरुवात इंटरनेटवरून करू नका, घरातल्या पदकांवरून करा. ब्रिटिश सैनिकांना दुसऱ्या महायुद्धाची पदकं कोरी मिळाली, पण भारतीय सैनिकांच्या पदकांवर नाव कोरून दिलं गेलं. चांदणीच्या आकाराच्या 'स्टार' पदकावर ते मागच्या बाजूला असतं, गोल 'वॉर मेडल'वर कडेला. त्यात सैन्याचा नंबर, हुद्दा, नाव आणि रेजिमेंटचं संक्षिप्त नाव असतं. या सगळ्यात मोलाचा आहे तो नंबर. नावाचं स्पेलिंग दर कागदावर बदलतं, नंबर बदलत नाही.

पदक चिंचेने किंवा पितांबरीने घासू नका. कडेवरची अक्षरं फार उथळ असतात, आमच्या एका पदकावरचे दोन आकडे असे घासूनच गेले होते. अंधाऱ्या खोलीत टॉर्च पदकाच्या कडेला जवळजवळ आडवा धरा, पदक हळूहळू फिरवा आणि मोबाइलने प्रत्येक तुकड्याचा जवळून फोटो काढा. तिरप्या उजेडात, डोळ्यांना न दिसणारी अक्षरंही सावलीने उठून येतात. गेलेले दोन आकडे आम्हाला दुसऱ्या पदकावरून मिळाले. एकच पदक असेल आणि आकडा पुसट असेल तर अंदाजाने भरू नका, तिथे रिकामी जागा ठेवा. पुढे शोधताना ती जागा सोडूनही काम होतं.

पहिल्या महायुद्धातला सैनिक असेल तर घरात सुमारे बारा सेंटिमीटर व्यासाची एक जाड काशाची थाळी निघू शकते. तिच्यावर फक्त नाव असतं, हुद्दा आणि पलटण नसते, कारण मेलेल्यांत लहानमोठा असा भेद करायचा नाही असं ठरलं होतं. त्यामुळे ती थाळी एकटी पुरत नाही, त्या काळची नाव कोरलेली पदकं जोडीला लागतात.

पदकांनंतर महसुलाचे कागद. त्यांच्या स्वतःच्या नावावर जमीन नव्हती, म्हणून सातबाऱ्यावर काही मिळणार नाही असं मी धरून चाललो होतो आणि तिथे एक महिना फुकट गेला. नोंद निघाली ती त्यांच्या वडिलांच्या वारस फेरफारात, म्हणजे गाव नमुना ६ मध्ये. वडील वारले तेव्हा वारस लिहिताना थोरला मुलगा 'लढाईत मयत' असा शेरा होता आणि पुढे त्यांच्या पत्नीचं नाव होतं. हे नाव पुढे फार कामी आलं. जुन्या फेरफाराची नक्कल तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षातून मिळते. साधा अर्ज, गावाचं नाव, गट किंवा जुना सर्व्हे नंबर आणि अंदाजे वर्षं लिहायची. वर्षांचा टप्पा मोठा द्या, कारण वारस नोंद मृत्यूनंतर दहा-पंधरा वर्षांनीही झालेली असते. नकलेला शंभर रुपयांपेक्षा कमी खर्च आला आणि तीन आठवडे लागले. त्या काळच्या काही नोंदी मोडीत असतात, तेव्हा मोडी वाचणारं माणूस आधीच गाठून ठेवा.

शाळेच्या जनरल रजिस्टरवरून जन्मवर्ष आणि वडिलांचं पूर्ण नाव मिळतं. नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यांच्या वह्यांत वंशावळ मिळते. पत्नीला निवृत्तिवेतन मिळत होतं का, तेही विचारा. जुन्या पेन्शन बुकावर किंवा जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाच्या कागदांवर नंबर आणि पलटण दोन्ही असतात.

आणि घरातले म्हातारे पलटणीला काय म्हणायचे ते त्यांच्याच शब्दांत लिहून घ्या. 'जंगी पलटण' म्हणत असतील तर ती जुनी १०३वी, १९२२ नंतरची १/५, म्हणजे पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीची पहिली बटालियन. 'काली पाचवी' म्हणजे जुनी १०५वी, नंतरची २/५. या एका शब्दावर देश ठरतो. १/५ इटलीत लढली. ३/५ आधी इरिट्रियात केरेनला आणि मग इटलीत. २/५ केरेनला होती आणि जून १९४२ मध्ये लिबियातल्या तोब्रुकला पकडली गेली. ४/५ मार्च १९४४ मध्ये मणिपुरातल्या सांगशाकला जपान्यांशी झुंजली. घरात सगळे 'बर्मा' म्हणत असतील आणि पदक इटलीचं असेल तर पदकावर विश्वास ठेवा.

मार्चमध्ये कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनच्या संकेतस्थळावर शोध सुरू केला. ही संस्था २१ मे १९१७ ला सनद मिळून स्थापन झाली, तेव्हा तिच्या नावात 'इम्पीरियल' हा शब्द होता. दोन्ही महायुद्धांत ब्रिटिश साम्राज्याच्या फौजांतून लढलेल्या सुमारे १७ लाख मृतांची नोंद तिच्याकडे आहे. दुसऱ्या महायुद्धासाठी ३ सप्टेंबर १९३९ ते ३१ डिसेंबर १९४७ या काळातले मृत्यू धरले जातात. शोधायला पैसे पडत नाहीत, नोंदीचं प्रमाणपत्रही फुकट उतरवून घेता येतं.

इथे मी सहा आठवडे चुकीच्या दारावर थाप मारत बसलो. आडनावाच्या रकान्यात आडनाव टाकत होतो. आपल्या शिपायांच्या बाबतीत बहुतेक वेळा पूर्ण नावच आडनावाच्या रकान्यात भरलेलं असतं आणि पहिल्या नावाचा रकाना रिकामा असतो. म्हणजे एखादा सखाराम सावंत 'सावंत'खाली मिळणार नाही, तो 'सखाराम'खाली, एस अक्षरात असतो. दगडावरही तसंच. त्यात पलटणीच्या कारकुनांनी उत्तरेकडच्या सवयीने नावं तोडलेली : 'तुका राम', 'सखा राम', 'सीता राम', मधे जागा सोडून. त्या एका रिकाम्या जागेमुळे शोधयंत्राला नाव सापडत नाही. 'व' कधी व्ही, कधी डब्ल्यू. 'पवार'चं 'पोवार', 'गायकवाड'च्या शेवटी 'ड'ऐवजी 'र', 'धोंडू'तला 'ध' गळून 'डोंडू', 'म्हाळू'चं 'मालू'. काही ठिकाणी आडनावच नाही, फक्त नाव आणि वडिलांचं नाव.

म्हणून नाव सोडून द्या. नावाचे रकाने कोरे ठेवून बाकीच्या गाळण्या लावा : दुसरं महायुद्ध, भूदल, भारतीय सैन्य, इटली देश आणि रेजिमेंटच्या जागी मराठा लाइट इन्फन्ट्री. रेजिमेंटचं स्पेलिंग तेव्हाचंच हवं, 'महरट्टा' असं वाचलं जाईल असं, सुरुवातीला पाचवी असा आकडा घेऊन. आजचं स्पेलिंग टाकलं तर हाती काही येत नाही. जी यादी निघते ती तक्त्याच्या रूपात उतरवून घेता येते. ती संगणकावर उघडून आधी नंबरच्या रकान्यात शोधा. तिथे लागलं नाही तर 'अधिक माहिती'च्या रकान्यात गाव, तालुका, वडील किंवा पत्नीचं नाव शोधा. त्या रकान्यात वडील-आई, पत्नी, गाव आणि जिल्हा अशा क्रमाने मजकूर असतो, पण घरच्यांनी तेव्हा फॉर्म भरून पाठवला असेल तरच. नाहीतर तो कोरा असतो.

जिल्हा शोधताना आजचा नकाशा बाजूला ठेवा. सिंधुदुर्ग जिल्हा १ मे १९८१ ला झाला, त्याआधीचं मालवण रत्नागिरीत. कुडाळ-सावंतवाडीकडचा माणूस सावंतवाडी संस्थानाचा म्हणून लिहिलेला असू शकतो, कोल्हापूरचा कोल्हापूर संस्थानाचा. सांगलीकडच्यांनी सातारा शोधावं आणि रायगडच्यांनी कुलाबा. गावांची नावं तर ऐकून लिहिलेली. आमच्या गावाच्या नावातलं शेवटचं अक्षर नोंदीत गायब होतं.

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात नंबर जुळला. हुद्दा शिपाई, पहिली बटालियन, मृत्यू एप्रिल १९४५, स्मारक फोर्ली क्रिमेशन मेमोरियल, पुढे रकान्याचा क्रमांक. पत्नीच्या नावातली पाच अक्षरं फेरफारातल्या नावाशी जुळली आणि तालुका जुळला. नाव मात्र असं लिहिलेलं की घरच्यांनी मोठ्याने वाचलं तरी ओळखलं नसतं.

एक जुळणी मिळाली की लगेच गावभर सांगू नका. एका पलटणीत एकाच नावाचे दोघे-तिघे असणं अगदी नेहमीचं. नंबर, जवळच्या नात्यातलं एक नाव आणि गाव किंवा तालुका, ही तिन्ही लागली तरच पक्कं धरायचं, असा नियम मी केला. नंबर नसेल तर चौथा पुरावा शोधावा.

'क्रिमेशन मेमोरियल' म्हणजे काय हे घरात समजावून सांगावं लागतं, कारण सगळे 'कबर कुठे आहे' असंच विचारतात. हिंदू आणि शीख सैनिकांना शक्य तिथे अग्नी दिला गेला. त्यांची वेगळी समाधी नसते, नावं एका भिंतीवर किंवा स्तंभावर एकत्र कोरलेली असतात. अग्नी देणं शक्य झालं नाही तिथे हिंदू सैनिकही पुरले गेले आणि त्यांच्या शिळेवर देवनागरीत 'ॐ भगवते नमः' कोरलेलं असतं. ज्यांचा देहच मिळाला नाही त्यांची नावं तिसऱ्या ठिकाणी असतात, इटलीत ती कॅसिनो मेमोरियलवर आहेत. तुमच्या माणसाचं नाव या तिन्हींपैकी कुठे आहे यावरून त्याचं शेवटी काय झालं ते बरंचसं कळतं. आमच्या घरी 'त्यांना अग्नी मिळाला होता' हे कळलं, आणि त्या दिवशी माझी ऐंशी वर्षांची आत्या बराच वेळ काही बोलली नाही.

पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकात, गेलेल्यांच्या घरच्यांनी मनाची तयारी ठेवावी. १०३वी, ११०वी आणि ११७वी या तिन्ही मराठा पलटणी कूटच्या वेढ्यात होत्या. ७ डिसेंबर १९१५ ते २९ एप्रिल १९१६ हा तो वेढा. ज्यांचा ठावठिकाणा लागला नाही अशा ४० हजारांहून अधिक जणांसाठी बसरा मेमोरियल आहे. पण त्या स्मारकावर भारतीय अधिकाऱ्यांची नावं कोरली आणि साध्या शिपायांचे रेजिमेंटवार फक्त आकडे. एप्रिल २०२१ मध्ये कमिशनच्याच विशेष समितीने हे मान्य केलं : किमान ४५ हजार मृतांची, त्यात मुख्यतः भारतीय आणि आफ्रिकी, दखल असमान रीतीने घेतली गेली आणि आणखी किमान १ लाख १६ हजारांची नावानिशी घेतलीच गेली नाही. बसऱ्याच्या शिपायांची नावं संगणकीय नोंदीत मिळतात, तेव्हा शोध सोडू नका. पण दगडावर नाव दिसेल ही आशा धरून तिकडे जाऊ नका. आपल्या शिपायांना आकड्यांत मोजलं याचं मला वाईट वाटतं, आणि म्हणूनच नोंदीतलं प्रत्येक नाव नीट लिहिलं जावं असं वाटतं.

पुढचं काम ते नेमके कुठे पडले हे शोधण्याचं. त्यासाठी बटालियनची युद्धदैनंदिनी पाहावी लागते, सैन्यात तिला 'वॉर डायरी' म्हणतात. या डायऱ्या लंडनमधल्या क्यू इथल्या नॅशनल आर्काइव्हजमध्ये आहेत. पहिल्या महायुद्धाच्या 'डब्ल्यूओ ९५' मालिकेत. दुसऱ्याच्या वेगवेगळ्या, इटलीतल्या भारतीय पलटणींसाठी 'डब्ल्यूओ १६९' आणि 'डब्ल्यूओ १७०' या दोन्ही तपासा, आणि बर्मासाठी 'डब्ल्यूओ १७२'. सूची घरबसल्या पाहता येते, पण दुसऱ्या महायुद्धाच्या बहुतेक फायली तिथे जाऊनच वाचाव्या लागतात. वाचनालयाचं ओळखपत्र फुकट असतं, दोन पुरावे लागतात, आणि स्वतःच्या मोबाइलने फोटो काढायला पैसे पडत नाहीत. लंडनला राहणाऱ्या माझ्या मावसबहिणीने ऑगस्टमध्ये अर्धा दिवस काढून साठेक फोटो पाठवले. कुणी ओळखीचं नसेल तर तासाच्या हिशोबाने असं काम करणारे स्वतंत्र संशोधक मिळतात. त्यांना फायलीचा पूर्ण क्रमांक आणि महिना द्या, म्हणजे तास वाढत नाहीत.

डायरीत आपल्या माणसाचं नाव शोधत बसू नका. अधिकाऱ्यांची नावं असतात, शिपायांची जवळजवळ कधीच नसतात. 'आयओआर ३ ठार, ११ जखमी' अशी ओळ असते. आयओआर म्हणजे भारतीय शिपाई-नाईक-हवालदार, व्हीसीओ म्हणजे जमादार-सुभेदार, बीओ म्हणजे ब्रिटिश अधिकारी. नोंदीतली मृत्यूची तारीख घ्यायची, त्या दिवसाच्या आदल्या आणि नंतरच्या दोन दिवसांचीही पानं वाचायची. जखमी होऊन दवाखान्यात गेलेल्याची तारीख लढाईच्या तारखेनंतरची असते, एवढ्यासाठी. जागा आकड्यांत दिलेल्या असतात. ते युद्धकाळातल्या ब्रिटिश लष्करी नकाशांच्या चौकटीचे आकडे, आजच्या अक्षांश-रेखांशांशी त्यांचा थेट संबंध नाही. ते बदलून देणारी साधनं इंटरनेटवर आहेत, पण नकाशाचा विभाग बरोबर निवडला नाही तर ठिपका समुद्रात पडतो. माझा पडला होता. डायरीत गावाचं किंवा घराचं नाव असेल तर आधी ते आजच्या नकाशावर शोधा आणि मग आकडा ताडून बघा.

त्या पानांतून निघाली ती सेनिओ नदी. पात्र म्हणाल तर आपल्या वहाळाएवढं, पण दोन्ही काठांना पुरासाठी घातलेले उंच मातीचे बांध. जर्मनांनी ते आतून पोखरून त्यात मशीनगनी बसवल्या होत्या आणि उतारावर सुरुंग पेरले होते. ९ एप्रिल १९४५ ला दुपारपासून बॉम्बहल्ले आणि तोफा, मग आग फेकणारे रणगाडे, आणि संध्याकाळी आठव्या भारतीय डिव्हिजनचं पायदळ पाण्यात उतरलं. याच दिवशी याच १/५ बटालियनच्या नामदेव जाधव यांनी दोन जखमींना पाण्यातून आणि सुरुंगांच्या पट्ट्यातून मागे आणलं, मग परत जाऊन मशीनगनची ठाणी मोडली आणि व्हिक्टोरिया क्रॉस हे तेव्हाचं सर्वोच्च शौर्यपदक मिळवलं. डायरीत त्यांचं नाव आहे. त्याच बांधावर राहिलेले बाकीचे एका ओळीतल्या आकड्यात आहेत, आणि आमचे हे थोरले आजोबा त्या आकड्यातले एक.

सप्टेंबरमध्ये दोन पत्रं गेली. पहिलं सैन्याच्या अभिलेखांसाठी. भारतीय शिपायांच्या सेवानोंदी लंडनला मिळत नाहीत, तिथे चौकशी करून वेळ घालवू नका. मराठा लाइट इन्फन्ट्रीचं रेजिमेंटल सेंटर बेळगावला आहे, विचारणा भारतातच करायची. पत्रात सगळ्यात वर नंबर, मग हुद्दा, नोंदीतलं नाव आणि घरातलं नाव दोन्ही, बटालियन, मृत्यूची तारीख. सोबत नात्याचा पुरावा, फेरफाराची नक्कल, पदकाच्या कडेचे फोटो आणि कमिशनच्या नोंदीचा छापील कागद. विनंती एकच ठेवा. 'सगळी माहिती द्या' असं लिहिण्यापेक्षा 'भरतीची तारीख आणि वारसाची नोंद असल्यास कळवावी' असं लिहा. एवढ्या जुन्या नोंदी सगळ्यांच्याच मिळतात असं नाही, तेव्हा पत्र पाठवून बाकीचं काम चालू ठेवावं. आम्हाला अडीच महिन्यांनी उत्तर मिळालं, त्यात भरतीचं वर्ष होतं.

दुसरं पत्र नावाच्या दुरुस्तीसाठी कमिशनला. संकेतस्थळावर चौकशीचा फॉर्म आहे, त्यासोबत पुरावे जोडायचे. घरच्यांचं म्हणणं किंवा आजचं आधार कार्ड हा पुरावा होत नाही. त्या काळचा कागद लागतो. फेरफाराच्या नकलेचं इंग्रजी भाषांतर अधिकृत भाषांतरकाराकडून करून घेतलं आणि मूळ पानाचा फोटो शेजारी ठेवला. पोच दोन दिवसांत ईमेलने आली, निर्णयाला पाच महिने लागले. नोंदीत गावाचं नाव सुधारलं गेलं आणि घरातलं नाव पर्यायी म्हणून जोडलं गेलं. मुख्य नाव बदललं नाही, कारण पदकावरचं, म्हणजे सैन्यातलं, स्पेलिंग तेच होतं. मला आधी हे पटलं नाही. पण तो माणूस सैन्यात त्याच अक्षरांनी ओळखला जायचा, हजेरीला त्याच नावाला 'हजर' म्हणायचा. मी पुन्हा अर्ज केला नाही. ज्यांना दगडावरची दुरुस्ती हवी आहे त्यांनी लक्षात ठेवावं : संगणकीय नोंद आधी बदलते, दगड त्यानंतर कधीतरी, तो नव्याने घडवायची वेळ येते तेव्हा.

जायचं ठरलं ते एप्रिल २०२५ मध्ये. इटलीसाठी लागणाऱ्या शेंगेन व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या जास्तीत जास्त सहा महिने आणि कमीत कमी पंधरा दिवस आधी करता येतो. अडीच महिने आधी करा, कारण भेटीची वेळ मिळण्यातच आठवडे जातात. शुल्क मोठ्यांना ९० युरो, केंद्राचा सेवाआकार वेगळा. विमा किमान ३० हजार युरोंचा लागतो. पत्रात प्रवासाचं कारण सरळ लिहिलं, 'नातेवाइकाच्या युद्धस्मारकाला भेट', आणि नोंदीचा कागद जोडला. अधिकचा एकही प्रश्न आला नाही.

गावची माती घेऊन जायची आणि तिथली आणायची, असं सगळ्यांनाच वाटतं. दोन्ही करता येत नाही. युरोपीय संघात बाहेरची माती न्यायला बंदी आहे आणि भारतात माती आणण्यावरही वनस्पती-क्वारंटाइनच्या नियमाने निर्बंध आहेत. विमानतळावर ती काढून घेतली जाते आणि मन दुखतं. नारळ मात्र नेता येतो. युरोपच्या नियमांत अननस, केळी, खजूर, ड्युरियन आणि नारळ ही पाच फळं वनस्पती-प्रमाणपत्राशिवाय चालतात. सुकं खोबरं नेऊ नका, तेलामुळे भारतातल्या विमानसामानात ते बंद आहे. सोललेला ओला नारळ सामानात टाकण्याआधी विमान कंपनीला लेखी विचारून घ्या.

फोर्ली बोलोन्याहून रेल्वेने तासाभराच्या आत येतं. युद्धस्मशानं तिथे एकापेक्षा जास्त आहेत, टॅक्सीवाल्याला 'वॉर सिमेट्री' म्हटलं तर तो दुसरीकडे नेईल. 'चिमितेरो देग्ली इंदियानी' म्हणा, भारतीयांचं स्मशान, रावेन्नाकडे जाणाऱ्या रस्त्यावरचं. पाणी, छत्री, कोरडं फडकं सोबत ठेवा, आत काही विकत मिळत नाही. दाराजवळच्या भिंतीतल्या छोट्या कपाटात नावांची वही आणि भेट देणाऱ्यांची वही असते. आधी वहीत रकाना पाहा, मग दगडाकडे जा. दगडावर आधी रेजिमेंट, तिच्यात हुद्दे, आणि हुद्द्याखाली पहिल्या नावाच्या अक्षराने क्रम. आम्ही आडनावाच्या सवयीने तिथेही चुकीच्या ओळींवरून बोट फिरवत होतो.

फोटो सकाळी किंवा उतरत्या उन्हात काढा. भर दुपारी समोरून ऊन पडलं की कोरीव अक्षरं सपाट दिसतात. अक्षरं उठावीत म्हणून खडू, पीठ, शेव्हिंग क्रीम असलं काही दगडाला लावू नका. हळदकुंकू आणि तेलही नको, पांढरट दगडात डाग आत शिरतो आणि जात नाही. आम्ही स्टीलच्या ताटलीत निरांजन लावून ते गवतावर ठेवलं, शेजारी नारळ. नारळ फोडायचा नाही आणि निघताना तिथलं सगळं उचलायचं. नाव वाचलं, मग गावाचं नाव घेतलं, मग घरातल्या सगळ्यांची नावं घेतली. त्याच्या वरच्या आणि खालच्या ओळीतली नावंही मोठ्याने वाचली, कारण त्यांच्याकडे कधी कुणी आलं असेल की नाही कुणास ठाऊक.

वेळ असेल तर दुसरा दिवस नदीला द्या. लुगो आणि आल्फोन्सिने ही दोन्ही गावं रेल्वेवर आहेत, आल्फोन्सिनेत सेनिओच्या लढाईचं संग्रहालय आहे. जायच्या आठवडाभर आधी उघडण्याच्या वेळा तपासा, छोट्या गावातली संग्रहालयं रोज दिवसभर उघडी नसतात. बांधावरून चालता येतं. त्या बांधावर उभं राहिलं की पाणी किती अरुंद आणि चढ किती उभा हे समजतं, आणि डायरीतली ती एक ओळ वेगळी वाचता येते.

परत आल्यावर दोन कामं केली. गुरुजींकडून जुन्या पंचांगावरून तारखेची तिथी काढून घेतली. मृत्यूची वेळ संध्याकाळची आहे आणि ती इटलीतली आहे हे त्यांना आधी सांगा, तिथी त्यावर बदलू शकते. दुसरं गावात फलक. ग्रामपंचायतीच्या भिंतीवर लावायचा तर ग्रामसभेचा ठराव हवा. आम्ही १५ ऑगस्टच्या ग्रामसभेसाठी जुलैतच अर्ज दिला, म्हणजे विषयपत्रिकेत आला. सोबत नोंदीची आणि डायरीच्या पानाची प्रत जोडली, त्यामुळे 'कशावरून' हा प्रश्न उरला नाही. अर्ज वाचून गावातली आणखी दोन घरं पदकं घेऊन आली. एकाची चांदणी घासून कोरी झाली होती, दुसऱ्याच्या कडेवर नंबर स्पष्ट होता. म्हणून फलकावर खाली चार ओळींची जागा मोकळी ठेवली.

दगड काळा ग्रॅनाइट, दोन फूट बाय दीड, अक्षरं कोरीव आणि रंगाशिवाय. कोकणच्या दोन पावसाळ्यांत रंग उडतो आणि मग अक्षर अर्धवट दिसतं. भिंत जांभ्याची, तिच्यात साधे खिळे टिकत नाहीत, चिऱ्यात खोल भोक पाडून सिमेंटात स्टीलचे बोल्ट बसवावे लागले आणि आठवडाभर सुकू द्यावे लागले. मजकूर पाच ओळींचा : पूर्ण नाव घरात म्हणतात तसं, सैन्याचा नंबर, शिपाई पहिली बटालियन पाचवी मराठा लाइट इन्फन्ट्री, तारीख आणि सेनिओ नदी इटली, आणि शेवटी 'नाव फोर्ली येथे कोरलेले आहे'. कोरणाऱ्याला मजकूर फोनवर सांगू नका. छापून द्या आणि दगडावर पेन्सिलीने आखलेली अक्षरं त्याने छिन्नी लावायच्या आधी घरातल्या सगळ्यात वयस्कर माणसाकडून वाचून घ्या. आमच्या आत्येने दोन वेळा वाचलं आणि एक वेलांटी दुरुस्त करायला लावली.